पश्चिमेची ८ फुटी खिडकी: उन्हाळा, पावसाळा आणि थंडीनंतरचा अनुभव

पुण्यात बाणेर-बालेवाडीपासून खराडी-उंड्रीपर्यंतच्या नव्या इमारतींत हॉलला जवळपास भिंतभर काच देण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. फ्लॅट बघायला लोक बहुधा सकाळी जातात. सँपल फ्लॅटमध्ये एसी चालू असतो, टेकडी दिसत असते आणि त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीत सावली असते. दुपारी साडेचारला तीच जागा कशी असते हे ताबा मिळाल्यावर कळतं.

इथे लिहिलेलं सगळं बाणेरच्या बाजूच्या, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटबद्दल आहे. हॉलला पश्चिमेकडे ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच सरकती खिडकी: ॲल्युमिनियमचा सेक्शन, म्हणजे चौकट, ५ मिमी साधी पारदर्शक टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच, तीन ट्रॅक, त्यातला एक जाळीचा. बेडरूमला दक्षिणेकडे त्याहून थोडी लहान खिडकी. तिन्ही ऋतू वापरल्यावर मत असं झालं आहे की काच मोठी असणं हा मूळ दोष नाही. ती पश्चिमेला असणं, बाहेरून सावली नसणं आणि अर्धीच उघडणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की घर त्रास देतं.

आधी उष्णता, कारण सगळ्यात मोठा तोटा तोच. ८ बाय ७ म्हणजे साधारण ५.२ चौरस मीटर काच. एप्रिलमध्ये दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ६०० वॉटच्या आसपास ऊन पडतं आणि साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. हिशोब केला तर एकट्या खिडकीतून सुमारे अडीच किलोवॉट उष्णता घरात येते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट. म्हणजे दीड टनाच्या एसीची जवळजवळ निम्मी ताकद फक्त या काचेशी झुंजण्यात जाते. छत, भिंती, माणसं आणि फ्रिज यांचा हिशोब त्यानंतर.

वर दोन फुटी छज्जा आहे, मग ऊन कसं येतं, असं पुष्कळ लोक विचारतात. एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी पाचला पुण्यात सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो आणि जवळजवळ समोरच असतो. त्या कोनात दोन फुटी छज्जाची सावली काचेवर फक्त वरचा एक फूट पडते. खालचे सहा फूट उघडेच. दक्षिणेला मात्र हाच छज्जा उत्तम काम करतो. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असल्यामुळे पूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरात तो दुपारीही ४८ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे कोवळं ऊन खोलीत आत येतं. बेडरूमची खिडकी थंडीत खरंच सुखाची आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

पश्चिमेला आतून जाड पडदा लावून काय होतं? उजेड अडतो, सोफ्याचा रंग वाचतो, पण उष्णता काच ओलांडून आलेलीच असते. पडदा तापतो आणि मग खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेर अडलं पाहिजे. बांबूची चिक बाहेरून सोडली तर फरक हात लावून कळतो: चिक गरम, काच कोमट. अडचण अशी की बऱ्याच सोसायट्या इमारतीचं बाहेरचं रूप बदलू देत नाहीत. त्यामुळे चिक किंवा बाहेरचे रोलर ब्लाइंड घ्यायच्या आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. ती मिळत नसेल तर सोलर कंट्रोल फिल्म, म्हणजे काचेवर चिकटवायचा ऊन अडवणारा पातळ थर, हा दुसरा पर्याय. टफन्ड काचेवर ती लावायला हरकत नाही. साध्या, न तापवलेल्या जाड किंवा रंगीत काचेवर गडद फिल्म लावली तर उन्हातला भाग खूप तापतो, फ्रेममध्ये दडलेली कड थंड राहते आणि त्या ताणाने काच तडकू शकते. काच टफन्ड आहे का हे कोपऱ्यातल्या छोट्या कोरलेल्या शिक्क्यावरून कळतं. शिक्का दिसला नाही तर फिल्मवाल्याला थांबवा.

डबल ग्लेझिंगबद्दल बरंच बोललं जातं. साध्या दोन काचांमध्ये १२ मिमी पोकळी ठेवली तर तापमानातल्या फरकाने होणारी उष्णतेची ये-जा निम्म्यावर येते, पण थेट ऊन बऱ्यापैकी आत येतंच. पुण्यातला प्रश्न थेट उन्हाचा आहे. म्हणून पैसे घालायचेच असतील तर सोलर कंट्रोल लेप असलेल्या काचेत घाला. नुसत्या दोन काचांनी समाधान होणार नाही.

आता हवा. पुण्याची संध्याकाळ हे या शहराचं मोठं सुख आहे. सूर्य मावळला की हवा लवकर उतरते आणि खिडक्या उघडल्या की घर निवतं. पण दोन काचांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी अर्धीच उघडते. ५६ चौरस फुटांतून उष्णता येते आणि २८ चौरस फुटांतून वारा, तोही जाळीतून. खालचा किंवा वरचा पट्टा फिक्स काचेचा असेल तर प्रमाण आणखी बिघडतं. केंद्र सरकारच्या इको निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, उघडणाऱ्या खिडक्यांचं घराच्या क्षेत्रफळाशी प्रमाण वेगळं मोजलं जातं, ते याच कारणाने. घर बघताना काचेचं माप घेऊ नका, उघड्या भागाचं घ्या आणि समोरच्या बाजूला वाऱ्याला बाहेर पडायला जागा आहे का ते पाहा.

जूनमध्ये प्रश्न बदलतो. पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून वाऱ्यासकट येतो आणि वरच्या मजल्यावर काचेवर आडवा आपटतो. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये साचतं आणि ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला असलेल्या ड्रेन होलमधून बाहेर जावं अशी रचना असते. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, धूळ. आजूबाजूला बांधकामं चालू असतात, उन्हाळाभर सिमेंटची बारीक माती ट्रॅकमध्ये बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि भोकं बुजतात. दुसरी, वाऱ्याचा दाब. ताशी ४० किलोमीटरचा वारा साधारण ७-८ मिमी उंचीचं पाणी ट्रॅकमध्ये धरून ठेवू शकतो. ताशी ६० किलोमीटरच्या झोताला ही उंची १७ मिमीपर्यंत जाते. ट्रॅकची आतली कड याहून बुटकी असेल तर भोकं स्वच्छ असूनही पाणी आत सांडतं. खिडकी घेतानाच आतली कड टेपने मोजा. वरच्या मजल्यावर पश्चिमेला २५ मिमीपेक्षा कमी घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मेच्या शेवटी करायची कामं अशी. कोरड्या १ इंची रंगाच्या ब्रशने ट्रॅकमधली माती सैल करा आणि व्हॅक्युमने ओढून घ्या. आधी पाणी ओतलं तर तीच माती भोकात जाऊन बसते. मग प्रत्येक ड्रेन होलमध्ये पातळ तार फिरवा. त्यानंतर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. ते बाहेरच्या बाजूने लगेच वाहायला लागलं पाहिजे. तसंच साचून राहिलं तर भोक अजून बुजलेलं आहे किंवा बाहेरून कुणीतरी सिलिकॉनने बंद केलं आहे. हा प्रकार फार दिसतो: गळती झाली की कारागीर बाहेरून दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरतो, त्यात ड्रेन होलही जातं आणि पुढच्या पावसात सगळं पाणी हॉलमध्ये. सिलिकॉन फ्रेम आणि भिंत किंवा ग्रॅनाइट यांच्या सांध्यात हवं, तेही न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंट आणि मार्बलला नीट धरत नाही, एक-दोन वर्षांत सुटतं. बाहेरच्या ग्रॅनाइटला फुटाला पाव इंच तरी बाहेरच्या बाजूला उतार असावा. तो उलटा असेल तर बाकी सगळे उपाय व्यर्थ आहेत.

ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस घालू नका, त्यावर धूळ चिकटून रोलर जाम होतात. ४ बाय ७ फुटांच्या एका पल्ल्यात ५ मिमी काचेचंच वजन ३२ किलोच्या पुढे जातं, फ्रेम वेगळी. पल्ला जड जायला लागला की जोर लावू नका. पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात रोलरची उंची बदलणारा स्क्रू असतो, तो अर्धा-एक फेरा फिरवून पल्ला समतल करा. तरीही खरखरत असेल तर रोलर बदलायची वेळ झाली.

आवाजाच्या बाबतीत निराशा झाली. सरकत्या पल्ल्यांत फट बुजवायला केसाळ ब्रशची पट्टी असते. तिच्यातून वाराही जातो आणि आवाजही. मुंबई-बंगळूर हायवेची रात्रीची घरघर किंवा गणपतीच्या आधी चालणारा ढोल-ताशांचा सराव, काच बंद केली तरी स्पष्ट ऐकू येतो. दाराप्रमाणे उघडणाऱ्या आणि रबर गॅस्केटवर दाबून बसणाऱ्या खिडक्या यात कितीतरी सरस आहेत.

साफसफाई हा कायमचा खर्च समजा. बाहेरच्या बाजूचा निम्मा भाग हाताला लागतच नाही. मोठ्या इमारतीत दोरीवरच्या माणसांकडूनच तो होतो. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. ते काढायला समान प्रमाणात पाणी आणि व्हिनेगर, मायक्रोफायबर कापड, मग वायपर, आणि काच तापलेली नसताना. कोटा किंवा मार्बलच्या उंबऱ्यावर व्हिनेगर सांडू देऊ नका. सिमेंटचे शिंतोडे मात्र त्याच दिवशी काढा, ते काचेला कायमचे खातात.

रात्री दिवे लागले की समोरच्या इमारतीला आतलं सगळं दिसतं. आरशासारखी दिसणारी फिल्म दिवसाच आडोसा देते; रात्री उजेड आत आणि अंधार बाहेर असल्याने तिचा उपयोग उलटतो. त्यामुळे पडदे लागतातच, आणि कापड किती लागतं ते आधी समजून घ्या: ८ फूट रुंदीला दुप्पट चुण्या धरल्या तर ४८ इंच पन्ह्याचे चार तुकडे, छतापासून सोडायचे तर प्रत्येकी साधारण १० फूट, म्हणजे १२ मीटरहून जास्त. रॉडला मधे आधार न दिल्यास तो वाकतो. शिवाय भिंतच नसल्यामुळे कपाट, टीव्ही आणि प्लगपॉइंट उरलेल्या दोन भिंतींवर दाटीने येतात.

सुरक्षेचं शेवटी लिहिलं असलं तरी लहान मुलं असतील तर पहिल्यांदा हेच बघा. टफन्ड काच फुटली की बारीक तुकडे होतात, जखम कमी होते, पण ती जागेवर राहत नाही. मोकळी पोकळी उरते. क्वचित काचेतल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे ती कुणी हात न लावताही फुटते. काच जमिनीपर्यंत असेल तर खालच्या भागात लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे दोन काचांमध्ये चिकट थर असलेली. ती तडकली तरी फ्रेममध्ये टिकून राहते. त्याखेरीज आतून साडेतीन फुटी रेलिंग हवं, आडव्या दांड्यांचं नाही, कारण त्यावर मुलं चढतात. ग्रिल बसवलंत तर त्यात आतून उघडणारी, माणूस बाहेर पडू शकेल एवढी झडप ठेवा आणि तिची किल्ली खिडकीजवळच, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगा.