दहा पटींचे हातभिंग आणि एकमेकींसारख्या दिसणाऱ्या सिर्फिड माश्या

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरातील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून मी १० पटींचे, १८ मिलिमीटर व्यासाचे ट्रिपलेट हातभिंग ९५० रुपयांना घेतले. हेतू एकच होता. फुलासमोर हवेत एका जागी थांबणाऱ्या, गांधीलमाशीसारखे काळे-पिवळे पट्टे मिरवणाऱ्या पण डंख नसलेल्या सिर्फिड माश्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता याव्यात. वर्षभर वापरल्यानंतर या भिंगाविषयी जे सांगण्यासारखे वाटते ते याच कामाच्या कसोटीवर लिहीत आहे. नाणी किंवा दागिने पाहण्यासाठी ते कसे आहे, हे मी तपासलेले नाही.

आधी एका फसगतीविषयी सांगितले पाहिजे. याच्या अगोदर मी घरपोच मागवलेल्या एका भिंगावर ‘३० एक्स’ असे ठसठशीत कोरलेले होते. ते उन्हात धरून सूर्याचा ठिपका कागदावर सर्वांत बारीक होईपर्यंत मागेपुढे केले आणि अंतर पट्टीने मोजले, तेव्हा ते सुमारे ६० मिलिमीटर भरले. २५० ला या नाभीय अंतराने भागले की भिंगाची पट मिळते, म्हणजे ते भिंग जेमतेम ४ पटींचे होते. नव्या भिंगाचे अंतर २५ मिलिमीटरच्या आसपास आले. भिंग घेताना खिशात पट्टी असावी ती यासाठी.

ट्रिपलेटमध्ये काचेचे तीन तुकडे एकत्र जोडलेले असतात आणि त्यामुळे कडेला दिसणारी निळी-तांबडी झालर व प्रतिमेचे वाकडेपण बरेच कमी होते. आमच्या कामात ही चैन नसून गरज आहे, कारण पिवळा कोठे संपतो आणि काळा कोठे सुरू होतो हेच पाहायचे असताना भिंगाने स्वतःचे रंग मिसळले तर निष्कर्षच बिघडतो. या भिंगात मधला तीन-चतुर्थांश भाग स्वच्छ दिसतो. अगदी कडेला किंचित धूसरपणा आहे, पण तो अडचणीचा नाही.

डिसेंबरात कळंब्याकडील एका शेतात फुलावर आलेल्या कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारी मी हे भिंग प्रथम नीट वापरले. माशी पारदर्शक नळीत घेऊन बर्फाच्या डब्यात काही मिनिटे ठेवली की ती सुस्त होते; मग भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून नळीच भिंगाकडे आणायची. “काय हुडकतायसा सर?” असे विचारत आलेल्या शेतमालकालाही मी ते दिले आणि पंखांतील खोटी शीर दाखवली. पंखाच्या मध्यातून जाणारी, खऱ्या शिरांना नीट न मिळणारी ही घडीसारखी रेषा सिर्फिडी कुलाची खूण मानली जाते आणि १० पटींत ती सहज दिसते. यांतील अनेक जातींच्या अळ्या मावा खातात, हे त्यांना आधीच ठाऊक होते.

त्या वाफ्यावर दोन सडपातळ माश्या होत्या आणि दोघींच्याही वक्षाच्या कडेला पिवळी पट्टी होती. नुसत्या डोळ्यांनी मी दोन्ही एकाच जातीच्या समजलो असतो, पण एक इश्चिओडॉन स्क्युटेलारिस होती आणि दुसरी स्फेरोफोरिया या जीनसमधली. इश्चिओडॉन स्क्युटेलारिसच्या नराच्या मागच्या पायात, मांडीच्या मुळाशी असलेल्या ट्रोकँटर या लहानशा खंडावर एक बारीक काटा असतो, तो स्फेरोफोरियाच्या नरात नसतो. माशी उलटी करून योग्य प्रकाशात धरल्यावर तो काटा या भिंगाने दाखवला आणि माझ्या मते तेथेच ९५० रुपये वसूल झाले. मात्र ही खूण नराचीच आहे. बहुतेक जातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले आणि मादीचे विलग असतात, म्हणून आधी ते पाहून घ्यावे लागते.

रंकाळ्याच्या काठावर मिळणाऱ्या, मधमाशीसारख्या दणकट माश्यांच्या बाबतीत तर हे भिंग वापरणे हा निखळ आनंद आहे. एरिस्टॅलिस टेनॅक्सच्या डोळ्यांवर केसांचे उभे पट्टे असतात. एरिस्टॅलिनसच्या अनेक जातींच्या डोळ्यांवर ठिपके असतात, तर त्याच जीनसमधील टेनिओप्सच्या डोळ्यांवर उभ्या गडद पट्ट्या असतात. केसांचा पट्टा आणि रंगाची पट्टी यांतला फरक छायाचित्रात हरवतो, भिंगाखाली हरवत नाही. मोबाइलला लावायचे चिमट्याचे भिंगही माझ्याकडे आहे. नोंद ठेवण्यासाठी ते चांगले आहे, पण नळी फिरवत फिरवत एकेक खूण शोधण्याचे काम त्याने होत नाही.

पोटावरील पट्ट्यांवर मात्र भिंग कितीही चांगले असले तरी फार विसंबू नये. एपिसिर्फस बाल्टिएटसच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर एक जाड आणि एक मिशीसारखी बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी असते, हे खरे. पण कोष थंडीत वाढला तर तीच जाती बरीच काळपट निपजते. हिवाळ्यात अशी माशी हाती लागली की नवीच जाती सापडल्याचा भास होतो. मला तो दोनदा झाला.

आता मर्यादा. पॅरागस ही जेमतेम ४ ते ६ मिलिमीटरची माशी. तिच्या डोळ्यांवरील केस पट्ट्यापट्ट्यांत आहेत की सर्वत्र सारखे, स्क्युटेलमची (वक्षाच्या मागच्या टोकावरील लहान ढालीसारख्या भागाची) कड दातेरी आहे की गुळगुळीत, येथपर्यंत १० पटी कशाबशा पुरतात. पुढे जाती ठरवायची तर नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शीखालीच पाहावी लागतात. युरोपातील सिर्फस रिबेसी आणि सिर्फस व्हिट्रिपेनिस यांच्या माद्या मागच्या मांडीच्या रंगावरून वेगळ्या करता येतात, पण नरांसाठी पंखाच्या एका कोष्ठावरील (शिरांमधल्या कप्प्यावरील) अतिसूक्ष्म रोम पाहावे लागतात. तेथेही हे भिंग हात टेकेल. दुकानदाराने मला २० पटींचेही सुचवले होते. ते मी तेथेच वापरून पाहिले: वस्तू भिंगापासून सव्वा सेंटिमीटरवर धरावी लागते, नळीची जाडीच आड येते आणि प्रकाश निम्म्याहून कमी वाटतो. शेतात उभे राहून वापरायला ते मी कोणालाही सुचवणार नाही.

बनावटीविषयी एक तक्रार आहे. आच्छादनाचा स्क्रू सहा महिन्यांत ढिला झाला आणि भिंग आपोआप उघडू लागले. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याने तो दोन मिनिटांत आवळून दिला आणि पैसे घेतले नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर मी ते सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो. दोरीसाठी दिलेले भोक इतके अरुंद आहे की त्यातून सुतळीही जात नाही. मी चपलेच्या दुकानातून मेणाचा दोरा आणून ओवला आणि तो अजून टिकून आहे.