आवाजाचे पैसे मोजले, आवाज आला डासाचा

मॉडेल रेल्वेचं इंजिन ऑनलाइन घेताना मी कसा फसलो, त्याचे आधी आकडे. टोकन ८,०००. उरलेले ३०,०००. कस्टमच्या नावाखाली ९,५००. वर दारात कुरिअरवाल्याने घेतलेले ६४०. एकूण ४८,१४० रुपये. बायकोला मी बारा हजार सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी कृपया घरी फोन करू नये.

घ्यायचं होतं एन स्केल या छोट्या मापातलं वाफेचं मॉडेल इंजिन, जर्मन बीआर ०१, डिजिटल कंट्रोल आणि आवाजासकट. ठाण्यातल्या टू बीएचकेत एचओ हे मोठं माप मांडायचं तर हॉल गाड्यांना देऊन आपण गॅलरीत झोपावं लागेल. म्हणून १:१६०, नऊ मिलिमीटरचे रूळ. खरं इंजिन जवळपास २४ मीटर, आपलं १५ सेंटीमीटर. मनातून हवं होतं ते आपलं भारतीय रेल्वेचं डब्ल्यूपी इंजिन, नाकावर चांदणी असलेलं. ते या मापात मला कुठे तयार मिळालं नाही, म्हणून चाकांची तीच ४-६-२ रचना असलेलं हे.

विकणारा आमच्या मॉडेल रेल्वेच्या ग्रुपवरचाच. त्याच्या पोस्टला चार जणांचे लाइक, 'अजून दोघं विचारतायत' वगैरे. पुढचं सगळं तुम्हाला पाठ आहे, मलाही होतं. पण तो म्हणाला, "साहेब, १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून निघाली ती तुमच्या ठाण्यालाच आली, आणि तुमच्या घरात वाफेचं इंजिन नाही?" माझे वडील कळवा कारशेडला फिटर होते. मी तिथेच विरघळलो.

आता त्याने पाठवलेला तो व्हिडिओ. सत्तेचाळीस सेकंदांचा. इंजिन हळू येतं, शिट्टी, छुक-छुक, वळण, आणि फाट्यावर येऊन थांबतं. चाकं थांबली, आणि त्यानंतर छुक अजून दोनदा आला. दोनदा! मी बघितलं. मागे घेऊन पुन्हा बघितलं. खऱ्या इंजिनात रेग्युलेटर (वाफेची झडप) बंद केला की छुक आधीच विरतो, गाडी नुसत्या वेगावर घरंगळत थांबते. थांबलेलं इंजिन छुक करूच शकत नाही, हे मी दहा जणांना शिकवलंय. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार छुक देतं, हेही शिकवलंय. म्हणजे आवाज वरून चिकटवलेला, हे कळायला हवं होतं. आणि त्याला विचारलं काय, तर "आवाज जरा मागे पडतोय का हो?" तो म्हणाला, "सिंक करायचा राहिलाय, एक सीव्ही बदला की झालं." हे अगदीच खोटं नसतं. डिकोडरला, म्हणजे इंजिनातल्या डिजिटल हुकूम घेणाऱ्या चिपला, तसं सेटिंग (सीव्ही) असतंच, म्हणून पटलं. मूर्ख नाही मी. माहिती होती म्हणूनच फसलो, कारण नको तिथे स्पष्टीकरण मीच पुरवलं. बारा हजारवाला खोटेपणाही त्याच तोंडाने.

असा व्हिडिओ आला तर एवढं करा: लाइव्ह कॉलवर इंजिन उभं ठेवायला सांगा आणि तुम्ही म्हणाल तेव्हा शिट्टी मारायला लावा. सीव्ही ८ वाचून दाखवायला सांगा. त्यात डिकोडर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, डिकोडरच नसेल तर काहीच वाचता येत नाही.

कस्टमचं सांगतानाच लाज वाटते. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० ला २० टक्क्यांची ६० झाली, २०२३ ला ७०. ३८,००० वर ७० टक्के म्हणजे २६,६००. आणि हा मागतोय ९,५००, तेही एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर. 'गिफ्ट म्हणून दाखवलंय' म्हणे. मला स्वस्त वाटलं! म्हणजे त्या चोरीत मी अर्धा भागीदार. ड्यूटी कुरिअर कंपनी घेते, कागद देऊन. विकणाऱ्याला कधीच द्यायची नसते.

खोका आला तेव्हा वर छापलेलं होतं 'डीसीसी रेडी'. डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल, आणि रेडी म्हणजे फक्त सॉकेट आहे, डिकोडर तुमचा तुम्ही बसवा. चॅटमध्ये त्याने लिहिलेलं 'डीसीसी रेडी विथ साउंड', आणि मी 'विथ साउंड' तेवढंच वाचलं. रुळावर ठेवलं, कंट्रोलरवर पत्ता ३ टाकला, नव्या डिकोडरचा असतो तो. हललं नाही. पण कुंईंऽऽ करून डासासारखं गाऊ लागलं. साधं अ‍ॅनालॉग इंजिन डिजिटल रुळावर ठेवलं की असंच होतं, मोटर तापते. चटका बसेस्तोवर मी आशेने बघत होतो. मग टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशाचा डबा, उघडला. स्पीकरच्या जागी शिशाचा तुकडा, सॉकेटमध्ये डिकोडरऐवजी नुसती ब्लँकिंग प्लेट.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, तो चौथ्या प्रयत्नात लागला. पावती क्रमांक मिळाला. हे पैसे गेल्या गेल्या करायचं असतं, मी केलं नवव्या दिवशी, कारण आठ दिवस तो 'बदलून देतो' म्हणत होता. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. घराजवळच्या पोलीस ठाण्यात विचारलं, पैसे कुठून पाठवले? मी खरं बोललो, ऐरोलीच्या ऑफिसातून. "मग खाडीपलीकडे जा." खाडीपलीकडच्यांनी विचारलं, खोका कुठे आला? "मग घराकडच्यांकडे जा." एफआयआर हद्दीबाहेरचीही घ्यावी लागते, बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. कलमाचा प्रिंटआउट नेला तर साहेब म्हणाले, वकील आहात का? मग इंजिन टेबलावर ठेवायला लावलं. हवालदाराने ते बोटाने ढकललं, चाकं फिरली. "चालतंय की. वस्तू मिळाली ना तुम्हाला? हे सिव्हिल आहे." फसवून माल किंवा पैसे काढणं बीएनएसच्या, म्हणजे नव्या दंडसंहितेच्या, ३१८(४) मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण समोरचे दोघं 'आगगाडी' म्हणून हसत होते आणि माझ्या हातात ते पंधरा सेंटीमीटरचं होतं. लेखी अर्ज घेतला, शिक्का दिला नाही. शिक्का मागा. मी मागितला नाही. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर आठवलं.

ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, विचारलं दुकानाचं नाव काय. दुकान कुठलं? एक फोन नंबर, तोही आता बंद.

सायबर तक्रारीच्या पोर्टलवर माझी तक्रार 'प्रक्रियेत' आहे. काल दुसऱ्या एका ग्रुपवर तोच व्हिडिओ पडला, किंमत ३६,०००. मी खाली लिहिलं, 'चाकं थांबल्यावर ऐका.' दोन मिनिटांत अ‍ॅडमिनने मलाच काढलं.