दिवाळी ते कानबाई: थ्रीडी स्कॅनवरून मापं काढणारं सॉफ्टवेअर, नऊ महिन्यांनंतर

अमळनेरला आमचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत नवऱ्याने हौसेने हे सॉफ्टवेअर घेतलं. फोनने माणसाचं थ्रीडी स्कॅन करायचं, फाइल कॉम्प्युटरवर घ्यायची आणि छाती, कंबर, सीट, बाही ही मापं पडद्यावर काढायची. आता कानबाई, आमच्या खानदेशातला श्रावणातला सण, तोंडावर आली, म्हणजे नऊ महिने झाले. नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मला कंपनीशी वाद वाढवायचा नाही.

घेताना सांगितलं होतं, वेळ वाचेल. वाचत नाही. आमच्या कारागीर मावशी टेपने ब्लाउजची मापं दोन मिनिटांत घेतात. स्कॅनसाठी बाईने अंगाला चिकटणारे कपडे घालायचे, अंबाडा टोपीत कोंबायचा, हात अंगापासून जरा लांब धरायचे आणि फिरत्या पाटावर चाळीस सेकंद हलायचं नाही. निम्म्या बायका तंग कपड्यांचं नाव काढताच नको म्हणतात. एका आजींनी तर दारातूनच विचारलं, "फोटो काढीसन माप लेतस का कोनी?" आणि सरळ मावशींपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

कपडे काळे नकोत, हे अनुभवाने कळलं. फोनचा सेन्सर न दिसणारे इन्फ्रारेड किरण टाकून अंतर मोजतो. काळं कापड ते शोषून घेतं आणि स्कॅनला भोकं पडतात. उन्हातही तेच किरण असतात, त्यामुळे दर्शनी भागातून हलून मागच्या खोलीत जाड पडदा लावावा लागला. मे महिन्यात फोनच इतका तापायचा की तिसऱ्या गिऱ्हाइकाला बंद पडायचा. मग स्कॅन फक्त सकाळी.

पहिल्या आठवड्यात एका बाईंची छाती 0.9 मिलीमीटर आली. हसून झाल्यावर कारण कळलं: आमच्या फाइलमध्ये आकडे होते, पण ते मीटर की मिलीमीटर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आपणच सांगायचं. हे सोपं निघालं. छातीच्या मापाची खरी गोम वेगळीच होती. टेप छातीवरून जाताना मधल्या खळग्यावरून ताणून सरळ जाते, पाठीच्या पन्हाळीवरूनही. सॉफ्टवेअर मात्र कातडीला धरून प्रत्येक खळग्यात उतरत होतं. माप सव्वा इंच जास्त आलं. त्यावर शिवलेला ब्लाउज आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी, हातात धरून उलटसुलट केला आणि विचारलं, "ही छाती कुणाची?" टेपसारखं ताणून मोजायचा पर्याय सेटिंगमध्ये आत कुठेतरी होता. तो सुरू केल्यावर गाडी रुळावर आली. स्कॅनवरच्या मापांसाठी आयएसओ 20685 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात छाती-कंबरेसारख्या मोठ्या घेरांना हाताच्या मापापासून सरासरी 9 मिलीमीटरपर्यंत फरक चालतो. म्हणजे जेमतेम तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आमचं आता त्यात बसतं, एवढं मी वहीत ताडून पाहिलंय.

शोल्डर आणि मुंढा, म्हणजे काखेभोवतीचा बाहीचा घेर, ही वेगळी कथा. खांद्याचं हाड बोटाला लागतं, पडद्यावर दिसत नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने बिंदू ठेवतं, आणि बाई अंगाने भरलेली असेल तर तो बिंदू बाहीवर घसरतो. आम्ही खांद्याच्या दोन्ही हाडांवर आणि मानेच्या उठलेल्या मणक्यावर टिकल्या लावायला लागलो. रंगीत स्कॅनमध्ये त्या स्पष्ट दिसतात, माऊसने तिथे बिंदू ओढायचा. मला वाटलं आपण काय शोध लावला! नंतर वाचलं, अमेरिका, नेदरलँड्स आणि इटलीत सीझर नावाचं शरीराच्या मापांचं मोठं सर्वेक्षण झालं, तेव्हाही अंगावर 70 हून जास्त ठिकाणी खुणा चिकटवूनच स्कॅन केले होते. मुंढ्याला टिकलीही पुरत नाही. काखेत सेन्सरची नजरच पोचत नाही. सॉफ्टवेअर ती जागा मनाने बुजवतं आणि त्यावर आत्मविश्वासाने आकडा देतं. मुंढा आम्ही टेपनेच घेतो.

कंबरेवरून सर्वात जास्त डोकं फिरलं. सॉफ्टवेअरची कंबर एक, बाई परकर बांधते ती कंबर दुसरी. आता परकर असतो तिथे स्कॅनआधी रंगीत इलास्टिक बांधतो. फेब्रुवारीच्या अपडेटनंतर मात्र कंपनीने कंबरेची जागाच बदलली, आधी बेंबीपाशी होती ती वर सरकवली, आणि कळवलं नाही. चार घागरे घट्ट झाले. मेल केल्यावर नऊ दिवसांनी इंग्रजीतून उत्तर आलं, नवी जागा जास्त शास्त्रशुद्ध आहे. असेल. घागऱ्याचं कापड आमचं होतं.

मग ठेवलंय कशाला? आखाजीमुळे, म्हणजे अक्षय तृतीयेमुळे.

आखाजीला माहेरवाशिणी येतात, आठ दिवस राहतात आणि सुरतेच्या गाडीने परत जातात. यंदा एकीचं स्कॅन करून ठेवलं होतं. जूनमध्ये तिचा फोन आला: नणंदेच्या लग्नाचा ब्लाउज, पाठीचा गळा खोल, पण आतल्या कपड्याची पट्टी दिसता कामा नये. मानेच्या मणक्यापासून त्या पट्टीपर्यंतचं अंतर आमच्या वहीत कधी नसतंच. एरवी तिला फोनवर सांगून, तिच्या सासूच्या हाती टेप देऊन माप मागवलं असतं आणि दोन इंचांची चूक पदरात घेतली असती. या वेळी फाइल उघडली, मानेची टिकली होतीच, तिथून खाली मोजलं. ब्लाउज कुरियरने गेला आणि दुरुस्तीला परत आला नाही. वहीत तेव्हा सुचलं तेवढंच उतरतं. स्कॅनमधून नंतर आठवलेलं मापही काढता येतं. तेव्हापासून बाहेरगावच्या प्रत्येकीला मी स्कॅनचा आग्रह करते, गावातल्यांना नाही.

फाइल म्हणजे बाईचं अख्खं अंग, हे विसरून चालत नाही. स्कॅन मीच करते, खोलीत पुरुष नको. मानेवरचा भाग कापून टाकते, फाइलला नावाऐवजी नंबर देते, आणि क्लाउडवर चढवायचं बटण पहिल्याच दिवशी बंद केलंय. एकीने पुसून टाका म्हटलं, तिच्यासमोर पुसलं.

घ्यायचा विचार असेल तर ट्रायलच्या मुदतीत एकाच बाईचं तीनदा स्कॅन करा, प्रत्येक वेळी तिला पाटावरून उतरवून. आमच्याकडे छाती दोन सुतांत जुळली, शोल्डर टिकलीशिवाय पाऊण इंच हललं. आणि कॉम्प्युटरला इन्व्हर्टर जोडा; लाइट गेली की न सेव्ह केलेले बिंदू जातात.