जीबोर्डवर मराठी टायपिंग: नऊ महिने वापरून आलेला अनुभव

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं (मीटिंगला उशिरा पोचलो, तोवर ठरलेलं होतं), तेव्हापासून आठवड्याला दोन-तीन नोटिसा ग्रुपवर टाकायच्या असतात. आधी सगळं इंग्रजी अक्षरात चालायचं. मला, माला, माळा, तिन्हीचं स्पेलिंग एकच, ज्येष्ठ मंडळी वैतागायची. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी जीबोर्डवर, म्हणजे फोनमधल्या गुगलच्या कीबोर्डवर, मराठी चालू केलं.

सेटिंगमध्ये लँग्वेजेस, मग ॲड कीबोर्ड, मग मराठी. तिथे थेट देवनागरी अक्षरांचा आणि इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं तो, असे वेगवेगळे कीबोर्ड दिसतात. मी हौसेने पहिला घेतला आणि ‘ज्ञ’ शोधत बसलो. नवीन असाल तर सरळ दुसरा घ्या. भाषा बदलायला स्पेसबार दाबून धरायचा, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पण खरी मजा माइकच्या बटणात आहे. मराठीत बोलून टायपिंगची सोय गुगलने २०१७ सालीच दिली होती आणि मी इतकी वर्षं अंगठे झिजवत होतो! माइक दाबायच्या आधी कीबोर्ड मराठीवर आहे ना ते बघा, आणि शब्द-शब्द तोडून बोलू नका, पूर्ण वाक्य मनात जुळवा आणि शेजाऱ्याशी बोलतो तसं एका दमात बोला, वाक्याचा अंदाज घेऊनच ते शब्द लिहितं, त्यामुळे तुटक बोललं की तुटक उमटतं. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना बोलू नका हे वेगळं सांगायला नको. स्वल्पविराम, पूर्णविराम मी हातानेच टाकतो. आणि प्लंबरचा नंबर इंग्रजी अंकातच टाका, लोकांना फोन लावायला सोपं जातं.

आता क्लिपबोर्ड. कॉपी केलेला मजकूर तिथे साधारण तासभर राहतो आणि मग जातो, पण दाबून धरून पिन केला की कायम राहतो. टाकी धुण्याची नोटीस मी अशी पिन करून ठेवली, दर वेळी फक्त वार बदलायचा. एकदा तो बदलायचाच राहिला. गुरुवारी टाकी धुणार आणि नोटिशीत मंगळवार! मंगळवारी सकाळी बिल्डिंगभर बादल्या, पिंप, एका घरात तर पाहुण्यांसाठी काढलेली पातेलीसुद्धा भरलेली. गुरुवारी कोणीच काही भरलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अजून विचारतात, “सेक्रेटरी साहेब, हा तुमचा मंगळवार कुठला?” तेव्हापासून पिन केलेल्या नोटिशीत वाराच्या जागी नुसत्या फुल्या ठेवतो, म्हणजे विसरलो तरी नजरेला खटकतं. आधार नंबर, पासवर्ड वगैरे मात्र चुकूनही पिन करू नका.

पर्सनल डिक्शनरी पण वापरा. लोकांची आडनावं, बिल्डिंगचं नाव, ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे लांबलचक शेपूट, एकदा भरून ठेवलं की वर सुचवण्यांत येतं.

एक गोष्ट जीबोर्डची नाही, पण यात सगळेच अडकतात. सोसायटीच्या जुन्या फायली डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या, त्या कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची किडामुंगी. कारण त्या जुन्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वर फक्त मराठी चेहरा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे हल्ली फोन-कॉम्प्युटर अक्षरं साठवायला जी पद्धत वापरतात तिच्यात, तसं नाही, तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. मी काय केलं, प्रिंटवर गुगल लेन्स (कॅमेऱ्यातून छापील मजकूर ओळखणारं ॲप) धरलं, मजकूर कॉपी केला आणि काना-मात्रा तपासून घेतल्या. जोडाक्षरं नीट बघा, झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर फार आशा ठेवू नका.

तळमजल्यावरच्या काकांना बोलून टाइप करायला मीच शिकवलं. आता पार्किंगबद्दल पहाटे सहाला दीड-दीड पानाचे मेसेज येतात, शुद्ध मराठीत.

मोठं काही लिहायचं तर कॉम्प्युटर बरा. क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडायचं, टूल्समधून व्हॉइस टायपिंग, भाषा मराठी. वार्षिक सभेचं इतिवृत्त यंदा असंच केलं. खुर्चीत मागे टेकून बोलत होतो, बायकोला वाटलं फोनवर कोणाशी तरी भांडतोय.