सीएस५०: कॉम्प्युटरची डिग्री नसेल तर आधी हा कोर्स करून बघा

हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५०, म्हणजे प्रोग्रामिंग अगदी पहिल्यापासून शिकवणारा ऑनलाइन कोर्स, मी नोकरी सांभाळून सात महिन्यांत पूर्ण केला. आयटीत नक्की कुठून शिरायचं हे ज्यांना कळत नाहीये त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय.

मी हेल्पडेस्कवरून आले, म्हणजे दिवसभर पासवर्ड रिसेट, प्रिंटर, व्हीपीएन हेच. त्याआधी प्रोग्रामिंगच्या एका क्लासला बरेच पैसे भरले होते, तिथे सर टाइप करायचे आणि आम्ही बघून बघून तेच उतरवायचो, सगळं मस्त चालायचं आणि घरी येऊन कोरी फाइल उघडली की एक ओळ सुचायची नाही. खूप खचले होते तेव्हा.

सीएस५० मध्ये डेव्हिड मलान शिकवतात. आठवडे शून्यापासून मोजतात, पहिल्यांदा स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची सोपी भाषा) आणि लगेच पुढच्या आठवड्यात थेट सी ही जुनी, अवघड भाषा, त्यामानाने सोपी पायथन भाषा येते सहाव्यात, मग डेटाबेससाठीची एसक्यूएल आणि वेब. सी आता कशाला शिकायचं असं मलाही वाटलं होतं, पण चौथ्या आठवड्यात रिकव्हर नावाचं असाइनमेंट आहे ना, त्याने माझं मत पार बदललं. एका मेमरी कार्डची इमेज, म्हणजे त्यातल्या सगळ्या डेटाची हुबेहूब कॉपी, देतात आणि त्यातले डिलीट झालेले ५० फोटो आपल्या प्रोग्रामने परत काढायचे, ५१२ बाइटचा एकेक ब्लॉक वाचत जायचं आणि ब्लॉकच्या सुरुवातीचे चार बाइट जेपेगचे (फोटोच्या फाइलचा प्रकार) दिसले की नवीन फाइल उघडायची. माझ्या ५० फाइल बनल्या, नावं बरोबर, आणि एकही उघडेना! दोन रात्री गेल्या. शेवटी दिसलं की नवीन फाइल तर उघडतेय पण ज्या ब्लॉकवरून फोटो ओळखला तोच ब्लॉक तिच्यात लिहायचा राहतोय, म्हणजे सगळे फोटो बिनडोक्याचे. एक ओळ हलवली आणि फोटो दिसले, डोळ्यात पाणी आलं हो अक्षरशः. त्या क्लासमध्ये असं एकदाही अडकायची वेळ आली नव्हती, म्हणूनच तिथे काही शिकले नाही.

सीचे आठवडे नवख्याला जड जातात, तिथे घाई करू नका, एका आठवड्याला तीन लागले तरी चालतील. कोर्स फुकट आहे. सगळ्या असाइनमेंटमध्ये आणि फायनल प्रोजेक्टमध्ये किमान ७० टक्के मिळाले की त्यांचं सर्टिफिकेटही फुकट मिळतं, एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटचं हवं असेल तर मात्र पैसे लागतात आणि माझ्या मते त्याची गरज नाही.

आता ज्यांना कोड लिहायचाच नाहीये त्यांनी यात सात महिने घालवू नका. नेटवर्किंग आवडतं तर सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करा, सपोर्टला लागायचंय तर कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा गूगल आयटी सपोर्ट हा कोर्स बघा, त्यात नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम, सिक्युरिटी सगळं येतं. आणि हेल्पडेस्कला कमी लेखू नका प्लीज, समोरच्याचं नीट ऐकून बिघाड शोधायची सवय मला तिथेच लागली.

फायनल प्रोजेक्ट म्हणून मी आमच्याच हेल्पडेस्कसाठी लॅपटॉप कोणाकडे आहे त्याची नोंद ठेवणारं छोटं वेब अ‍ॅप केलं. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेट कोणी बघितलंच नाही. त्यांनी ते अ‍ॅप उघडलं आणि विचारलं, डेटाबेसमध्ये माणसं आणि लॅपटॉप अशी दोन वेगळी टेबलं का केलीस? त्यावर मी दहा मिनिटं बोलले.