गीत लिहायची प्रेरणा शिकवणारा ऑनलाइन कोर्स: पाचपैकी साडेतीन

आमच्या चर्चच्या मंडळीच्या गायनवृंदासाठी मी गेली अकरा वर्षं गीतं लिहिते. लिहिते म्हणजे काय, कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिते. गुरुवारी पाळकसाहेबांचा फोन येतो, "ताई, रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला घेतोय, काही होईल का?" आणि शनिवारी दुपारपर्यंत काहीतरी होतं. त्यातली चारपाच गीतं टिकली, बाकीची ज्या रविवारी गायली त्याच रविवारी संपली. गेल्या वर्षी आई गेली आणि मग ते 'काहीतरी'सुद्धा होईना. आठ महिने वही उघडायची, तारीख टाकायची, मिटायची. पाळकसाहेबांनी फोन करणं हळूहळू बंद केलं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून हा कोर्स घेतला. ख्रिस्ती गीतलेखनामागची प्रेरणा, असा विषय. सहा आठवडे, आठवड्याला पाऊण तासाचा एक रेकॉर्ड केलेला पाठ, सरावाची वही, दर आठवड्याला एक गीत लिहून पाठवायचं आणि त्यावर लेखी अभिप्राय. कोर्सचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि आमच्या या छोट्या जगात सगळे सगळ्यांना ओळखतात. जाहिरातीत 'प्रेरणेचा झरा' वगैरे शब्द होते. तेव्हाच जरा सावध झाले होते.

पहिले दोन पाठ निव्वळ गोष्टींचे. शिकवणारे सर गोष्ट सांगतात छान, आवाज कुठे खाली आणायचा ते त्यांना बरोबर कळतं. होरेशिओ स्पॅफर्ड या शिकागोच्या वकिलाची गोष्ट अर्थातच पहिली. 1873 च्या नोव्हेंबरमध्ये 'व्हिल द्यु हाव्र' हे जहाज अटलांटिकमध्ये दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालं, त्यात त्याच्या चारही मुली गेल्या, बायको एकटी वाचली. तिला आणायला निघालेल्या स्पॅफर्डने वाटेत समुद्रावरच 'माझ्या जिवाचं कुशल आहे' अशा अर्थाचं ते गीत लिहिलं. लहानपणापासून दहा वेळा ऐकलेली गोष्ट, तरी डोळे भरले, खोटं कशाला सांगू.

मग जॉर्ज मॅथेसन. मग जॉन न्यूटन. आणि इथे माझ्या लक्षात आलं की सर प्रत्येक गोष्ट एकाच मापाने कापतायत. संकट, रात्र, अश्रू, गीत. मॅथेसन या दृष्टी गेलेल्या स्कॉटिश पाळकाने 6 जून 1882 च्या संध्याकाळी पाच मिनिटांत गीत लिहिलं, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. बहिणीचं लग्न होतं, घरचे सगळे तिकडे, हा घरी एकटा. आपल्याला त्या वेळी काहीतरी झालं आणि ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, एवढंच तो म्हणाला. सरांनी मात्र 'आंधळा होणार म्हणून वाग्दत्त वधू सोडून गेली, ते दुःख उफाळून आलं' असं ठामपणे सांगितलं. ज्या माणसाने मुद्दाम झाकून ठेवलं त्याचं झाकण आपण का उघडायचं? आणि उघडल्यावर आत आपणच ठेवलेली गोष्ट का काढायची?

न्यूटनच्या बाबतीत तर मला उठून पुस्तकं काढावी लागली. पाठात असं आहे की गुलामांच्या व्यापारातला हा खलाशी वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, आणि त्यातून 'अमेझिंग ग्रेस' हे जगप्रसिद्ध कृपेचं गीत आलं. वादळ 1748 सालचं. गीत मात्र ओल्नी गावातल्या चर्चमध्ये 1 जानेवारी 1773 च्या उपासनेसाठी लिहिलेलं. मधे जवळपास पंचवीस वर्षं आहेत! त्या वर्षांत न्यूटन स्वतः गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला, 1754 मध्ये समुद्र सुटला, 1764 मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. आणि गीत लिहिलं ते कशासाठी? तर नवीन वर्षाच्या प्रवचनाला जोड म्हणून. प्रवचनाचा उतारा बायबलच्या जुन्या करारातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकातला, सतराव्या अध्यायातला, जिथे दावीद देवापुढे बसून 'मी कोण' असं विचारतो. म्हणजे न्यूटनलाही गुरुवारचा फोन होता. आज आपण जी चाल म्हणतो ती तर त्या शब्दांना 1835 मध्ये, न्यूटन जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर, अमेरिकेत चिकटली. ही सगळी माहिती कोर्समध्ये का नाही? वादळापेक्षा ही पंचवीस वर्षं मला कितीतरी जास्त कामाची होती.

तिसऱ्या पाठातला स्वाध्याय होता, 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत काळोखा दिवस आठवा आणि त्यावर गीत लिहा.' आता दोन आठवडे ज्या गोष्टी ऐकवल्या त्यानंतर हेच येणार होतं. मी आईवर लिहिलं. एका रात्रीत लिहिलं, रडत लिहिलं, आणि सकाळी वाचल्यावर कळलं की ते गीत नाही, ते मृत्यूचं वर्णन आहे आणि शेवटी 'प्रभू' हा शब्द डकवलाय. तरी पाठवलं. एकच कडवं होतं, त्यापुढे हात चालला नाही.

अभिप्राय नऊ दिवसांनी आला. (जाहिरातीत तीन दिवस म्हटलं होतं.) 'खूपच हृदयस्पर्शी! कडव्यांची लांबी सारखी आहे का ते तपासा. शेवटचं कडवं अधिक आशादायी करता येईल.' एकाच कडव्याची लांबी कुणासारखी करू? मला वाटलं नजरचूक असेल. पण कोर्समध्येच ओळख झालेल्या एका बाईंनी त्यांचा अभिप्राय दाखवला, त्यातही हेच शब्द, उद्गारचिन्हासकट. आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण माणूस आपल्या आईचं मरण पाठवतो तेव्हा निदान एकदा वाचावं तरी. मी लिहून कळवलं. माफी आली, पुढचे अभिप्राय वेळेवर आणि वाचून दिलेले आले, हेही सांगायला हवं. अर्धा तारा इथे गेला.

चौथा पाठ छंदाचा. कागदावर सगळ्यात कोरडा आणि मला सगळ्यात आवडलेला, पण सरांनी अर्ध्यावर सोडलेला. इंग्रजी स्तोत्रांचा आठ-सहा-आठ-सहा असा शब्दावयवांचा (सिलेबलांचा) साचा त्यांनी व्यवस्थित उलगडला. एका मापाची गीतं एकमेकांच्या चालीवर का म्हणता येतात, तेही दाखवलं. पण कोर्स मराठीत आहे ना? मग भाषांतरित गीतं म्हणताना आपण सगळे अडखळतो कुठे, ते सांगा की. चालीचा लांब सूर ऱ्हस्व अक्षरावर येतो आणि 'प्रभु'चा 'भु' ताणून ताणून फाटतो. शब्द मधेच तुटतो, अर्धा या ओळीत, अर्धा पुढच्या. तिकडून आलेल्या चालीत ठोका जिथे पडतो तिथे आपल्या शब्दात काहीच घडत नसतं.

आणि आपल्याकडे माप नव्हतं असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लिहीत राहिले ते अभंग. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. प्रेरणेवर कोर्स काढायचा आणि टिळकांना एका वाक्यात उरकायचं, हे मला पटलं नाही. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं, ही गोष्ट समुद्रावरच्या कुठल्याही गोष्टीच्या तोडीची आहे. नवऱ्याच्या अर्धवट ओळीपुढे बसून पुढची ओळ लिहायची, त्याला प्रेरणा म्हणायचं की आणखी काही?

तर मी त्या आठवड्यात माझ्यापुरता अभंग घेऊन बसले. मोठा अभंग, सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. करून बघा, मजा आहे. 'पवित्र आत्मा' ही पाच अक्षरं. सहाच्या चरणात एक जागा उरते आणि तिथे सगळेजण 'हा' नाहीतर 'तो' कोंबतात. 'परमेश्वर' पाच, तिथेही तेच. 'तारणारा' चार, तो शेवटच्या छोट्या चरणात असा बसतो की जणू त्याच्यासाठीच ती जागा ठेवली होती. असं मोजत बसलं की रडू येत नाही, हा एक फायदा.

पाचवा पाठ मात्र अप्रतिम. याच्यासाठी मी कोर्सची शिफारस करते. विषय, 'मागणीवरून लिहिणं'. फॅनी क्रॉस्बी या अंध बाईने आठ हजारांवर गीतं लिहिली, प्रकाशकाशी करार करून, ठरलेल्या संख्येने. इतकी की पुस्तकात सगळीकडे एकच नाव दिसू नये म्हणून टोपणनावं घ्यावी लागली. 1873 मध्ये फिबी नॅप या मैत्रिणीने तिला स्वतः रचलेली चाल वाजवून दाखवली आणि विचारलं, ही चाल काय म्हणते? क्रॉस्बीने तिथल्या तिथे पहिले शब्द सांगितले. चाल आधी, शब्द मागून. 'शांत रात्री' या नाताळगीताचं बरोबर उलट. योझेफ मोरने कविता 1816 मध्येच लिहिली होती, ती पडून होती. 1818 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रियातल्या ओबरन्डॉर्फला त्याने ती फ्रान्झ ग्रुबरकडे नेली, ग्रुबरने चाल दिली आणि त्याच रात्री ते दोघे गिटारवर गायले. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली ही गोष्ट मागून जोडलेली आहे, तिला पुरावा नाही, हे सरांनी आपणहून सांगितलं. मी मनात टाळी वाजवली. हेच सर मॅथेसनच्या वेळी कुठे होते?

स्वाध्यायाला एक उतारा दिला होता, लूक 24, अम्माऊसची वाट. संध्याकाळ होत आलीय, दोन शिष्य एका अनोळखी वाटसरूला म्हणतात, आमच्याबरोबर राहा. तो पुन्हा उठलेला येशूच आहे हे त्यांना कळतं ते तो भाकरी मोडतो तेव्हा. चार दिवसांत गीत हवं, गायनवृंदाला एका तालमीत बसेल असं. बस, एवढंच. काळोखा दिवस नाही, काही नाही.

मी उतारा तीनचारदा वाचला आणि मला आईचा आवाज ऐकू आला. शेवटच्या महिन्यांत मी संध्याकाळी तिच्यापाशी बसायचे आणि निघायला उठले की ती म्हणायची, "थांब ना जरा." रोज. मी म्हणायचे, "येते गं उद्या." ती काही हट्ट धरायची नाही, फक्त चादरीचं टोक बोटात धरून ठेवायची, माझी ओढणी असल्यासारखं. हे मी तिसऱ्या आठवड्यातल्या त्या रडक्या गीतात लिहिलं नव्हतं. आठवलंच नव्हतं.

थांब ना जरासा । दिवस कलला ।
जीव हा थकला । वाटेवरी ॥

सहा, सहा, सहा, चार. पुढची तीन कडवी दोन दिवसांत झाली. आठ महिन्यांनी.

अभिप्राय या वेळी सविस्तर आला. सरांना कडवी आवडली, धृपद नाही. 'थांब ना' फार घरगुती वाटतं, प्रभूला उद्देशून आहे तर 'हे प्रभो तू राही' असं करून पाहा, अक्षरं तेवढीच बसतात. बसतात, खरंय. मी पेटीवर म्हणूनही पाहिलं. सूर बरोबर, शब्द शुद्ध, आणि कुणीही कुणालाही थांबवत नाहीये. मी बदललं नाही. पण त्यांनी दुसऱ्या कडव्यातला 'तुझिया प्रेमाचा' खोडून 'पुढे काय दिसलं ते लिहा' असं म्हटलं होतं, ते शंभर टक्के बरोबर होतं. तिथे मी भाकरी मोडणारे हात आणले.

सहावा पाठ हक्क, चाली, भाषांतराची परवानगी वगैरेंचा. उपयोगी आहे, झोप येते, नोंदी काढून ठेवा. व्हिडिओंचा आवाज काही ठिकाणी खाली जातो, इअरफोन लागतात. सरावाची वही छापून घेतली तरच कामाची, मोबाइलवर ओळी वेड्यावाकड्या दिसतात. कोर्स संपल्यावर पाठ वर्षभर बघता येतात, आणि पाचवा मी नंतर तीनदा बघितलाय.

कुणी घ्यावा? ज्यांनी एकही गीत लिहिलेलं नाही त्यांनी पहिल्या दोन पाठांच्या गोष्टी जपून ऐकाव्यात, नाहीतर घरात काही वाईट होईपर्यंत लिहायचं नाही असा समज व्हायचा. नुकतंच कुणी गमावलं असेल तर तिसरा स्वाध्याय सरळ सोडून द्या, गुण कुणी कापत नाही. दरआठवड्याला लिहिणाऱ्यांनी चौथा-पाचवा आधी बघितला तरी चालेल.

अम्माऊसचं गीत आम्ही पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी म्हटलं. तालमीत आमच्या गायनवृंदातले सगळ्यात वयस्कर काका, ज्यांना चष्मा असूनही कागद वाचायचा कंटाळा आहे, ते पहिल्याच फेरीला 'थांब ना रे देवा' असं म्हणून गेले. मी मोजलं. सहा. बाकीच्यांनीही तेच उचललं, आणि ऐकायला ते चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मंडळी आता तसंच म्हणते. माझ्या वहीत मात्र मी 'जरासा' अजून खोडलेलं नाही.