रँडम सॅम्पलिंगचे सात महिने आणि नकाशावरून गळालेले गोराई

घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीच्या नोंदींचा सारांश काढण्यासाठी मी सात महिने रँडम सॅम्पलिंग, म्हणजे सगळ्या नोंदींऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या थोड्या नोंदी, वापरत आहे. मुंबईभरातल्या ४० लाख नोंदी ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला पेलत नाहीत आणि क्लाउडचे भाडे भरण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून व्हिटर यांच्या १९८५ च्या शोधनिबंधातली रिझर्व्हायर पद्धत धरली. फाइल एकदाच वाचायची, एकूण नोंदी किती हे आधी ठाऊक नसले तरी चालते, आणि ४०,००० नोंदींचा निःपक्ष नमुना हाती येतो. चार महिने मला तिच्यात काहीच उणे दिसले नाही.

मग नमुन्यातली प्रत्येक नोंद ठिपक्याने दाखवणारा मुंबईचा नकाशा पाहून एका वरिष्ठांनी विचारले, "गोराईत आपले कामच नाही का?" तिथल्या १२० नोंदी होत्या आणि नमुन्यात एकही उतरली नव्हती. एक टक्क्याच्या नमुन्यात असे होण्याची शक्यता ०.९९ चा १२० वा घात, म्हणजे सुमारे ३० टक्के असते. शिवाय एखादी नोंद आलीच, तरी दाट ठिपक्यांचे पुंजके शोधणारी डीबीस्कॅन पद्धत तो एकटा ठिपका गोंगाट ठरवून वगळते. अंधेरीचे निम्मे ठिपके पुसले तरी तिथला पुंजका ओळखू येतो. मात्र तंत्रज्ञाला खाडी ओलांडून बोटीने जावे लागते, नेमका तोच भाग सारांशातून गळतो, हे मला अजूनही सहन होत नाही.

त्यानंतर पामर आणि फलूत्सोस यांनी २००० साली मांडलेली, घनतेनुसार निवड करणारी पद्धत घेतली. नकाशाचे चौकोन पाडायचे आणि दाट चौकोनातल्या नोंदीला कमी, विरळ चौकोनातल्या नोंदीला जास्त संधी द्यायची. गोराई परतले, पण दुरुस्तीचा सरासरी खर्च भलताच आला आणि मी ही पद्धत कुचकामी ठरवली. ते मत आठवड्याभरात मागे घ्यावे लागले, कारण प्रत्येक नोंदीला तिच्या निवडीच्या संभाव्यतेचा व्यस्तांक (१ भागिले संभाव्यता) भार म्हणून द्यायचा असतो, ही हॉर्विट्झ आणि थॉम्पसन यांची १९५२ पासूनची रीत मी पाळलीच नव्हती. भार दिल्यावर सरासरी जाग्यावर आली.

एक दोष उरला. जीपीएसच्या चुकीने अरबी समुद्रात पडलेले ठिपकेही विरळ असल्याने या पद्धतीत हमखास निवडले जातात. चौकोनातल्या नोंदींच्या संख्येच्या ज्या घाताने प्रत्येक नोंदीची संधी घटते, तो घातांक १ वरून ०.५ वर आणल्यावर शंभरपट दाट चौकोनातून साधारण दहापट नोंदी येऊ लागल्या, समुद्रातले ठिपके घटले आणि गोराईही टिकले. सरासरीसाठी मी आजही रिझर्व्हायरच वापरतो. नकाशासाठी मात्र आता नाही.